हॅम्लेट वर्गात सांगताना : कानात ओतलेलं विष



शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' सातवीच्या मुलांना सांगायचं म्हटलं की पहिली शंका येते, एवढं जड नाटक यांच्या डोक्यात शिरेल का? माझा अनुभव असा की गोष्ट म्हणून सांगितली तर मुलं हलत नाहीत जागची. फक्त अर्ध्यावर आलो की एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, मंग त्यानं राजाले लगेच मारलं काऊन नाही?" हा प्रश्न नीट समजून घेतला तर अख्खं नाटक उलगडतं, म्हणून आजचा लेख त्यावरच.

आधी गोष्ट थोडक्यात. डेन्मार्कचा राजा मरण पावतो. साप चावला असं सगळ्यांना सांगितलं जातं. त्याचा भाऊ क्लॉडियस गादीवर बसतो आणि विधवा राणीशी, म्हणजे भावजयीशीच लग्न करतो. राजपुत्र हॅम्लेटला बापाचं भूत दिसतं. भूत सांगतं, मी बागेत झोपलो असताना माझ्या भावाने माझ्या कानात विष ओतलं, तू याचा सूड घे. पुढचं सगळं नाटक या एका वाक्याभोवती फिरतं. शेवटी हॅम्लेट, त्याची आई, काका आणि लेअर्टीझ नावाचा तरुण सरदारपुत्र असे चौघे एकाच दालनात मरतात.

इथे 'कान' हा शब्द मुलांना पकडायला लावा. आपल्या भाषेत 'कान भरणे' म्हणतात ना? या नाटकात राजाचा कान विषाने भरला, आणि मग दरबारातल्या प्रत्येकाचा कान कोणी ना कोणी भरतंच आहे. जो तो पडद्याआड उभा राहून ऐकतोय. हॅम्लेटचे बालमित्र राजाचे हेर होतात. पोलोनियस हा वजीर तर आपला मुलगा परदेशी कसा वागतो हे बघायला माणूस पाठवतो, वर त्याला शिकवतो की मुलाबद्दल थोडं खोटंनाटं बोल, म्हणजे लोक खरं सांगतील. (पालकहो, मुलाच्या मित्राला गुपचूप फोन करून चौकशी करणारे आपणही असतोच. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं एकमेकांकडे बघून हसतात.) स्वतःच्या मुलीला, ऑफेलियाला, तो आमिष म्हणून हॅम्लेटसमोर उभी करतो. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला टेबलाखालचे पैसे आठवतात. इथे पैशाचं नाव नाही, तरी दरबार आतून सडलेला आहे, कारण कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवता येत नाही.

अशा जागी एका भुताच्या सांगण्यावरून हॅम्लेटने काकाला मारावं का? तो थांबतो ते आधी याच कारणाने. ते भूत खरंच बाप आहे की बापाचं रूप घेतलेला सैतान, हे त्याला कळत नाही. म्हणून तो नटांकडून तशाच खुनाचा प्रसंग राजासमोर करवून घेतो. राजा अस्वस्थ होऊन उठतो आणि हॅम्लेटची खात्री पटते. इथपर्यंत तो चुकला असं मला वाटत नाही. पुरावा मागणं म्हणजे भित्रेपणा नाही, हे मुलांना ठासून सांगा.

खरी गडबड त्यानंतर आहे. राजा एकटा प्रार्थना करताना सापडतो तेव्हा हॅम्लेट तलवार मागे घेतो, कारण प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गात जाईल. म्हणजे आता न्याय नकोय, शत्रूला नरकच हवाय. आणि लगेच पुढे आईच्या महालात पडद्यामागे आवाज येताच, कोण आहे हे न बघता तो तलवार खुपसतो. मरतो पोलोनियस. खात्री असताना थांबला आणि खात्री नसताना मारलं. 'हॅम्लेट म्हणजे नुसता विचार करत बसणारा' असं गाईडमध्ये छापलेलं असतं, ते अर्धंच खरं आहे.

आता पोलोनियसचा मुलगा लेअर्टीझ बघा. त्याचाही बाप गेला. तो जराही थांबत नाही, माणसं जमवून थेट राजवाड्यात घुसतो. मुलांना हा जास्त आवडतो. पण याच तडकाफडकी स्वभावामुळे राजा त्याला सहज हाताशी धरतो. बहीण ऑफेलिया भ्रमिष्ट होऊन पाण्यात बुडून मेल्यावर तर त्याला दुसरं काही सुचतच नाही. राजा त्याचे कान भरतो, विषारी तलवारीचा डाव ठरतो, आणि त्याच तलवारीने तो स्वतः मरतो. मरताना मात्र खरं काय ते सांगून टाकतो.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर शेजारच्या अकोल्यात या. गोपाळ गणेश आगरकर अकोल्याच्या हायस्कुलात शिकले. तिथले त्यांचे शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी शेक्सपिअरची नाटकं मराठीत आणली, त्यातल्या एकाचं नाव 'मोहविलसित'. शिष्याने 'हॅम्लेट' मराठीत आणलं आणि नाव ठेवलं 'विकारविलसित'. ते 1883 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला हॅम्लेट म्हणजे चंद्रसेन, आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी ही भूमिका गाजवली. नावात सूड नाही, राजपुत्र नाही, आहेत ते विकार. मला हे शीर्षक मूळ नावापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

या भाषांतराचं काम आगरकरांनी तुरुंगात केलं. तुरुंगात का, तर कोल्हापूर प्रकरण. छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होतोय, यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं 'केसरी' आणि 'मराठा'ने लिहिलं. दरबार, कैदेत असल्यासारखा तरुण राजा, वेड खरं की खोटं याची चर्चा, सगळं जणू नाटकातलंच. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ज्या पत्रांवर विसंबून आरोप केले होते ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. जुलै ते ऑक्टोबर 1882 असे 101 दिवस ते मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते. कोल्हापूरच्या राजाचा शेवट तर पुढच्याच वर्षी अहमदनगरला पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत झाला.

विचार करा, राजाविषयीच्या कळवळ्याने, पण दुसऱ्याने हाती दिलेल्या कागदांवर विश्वास ठेवून लिहिलं म्हणून जो तुरुंगात बसलाय, तो माणूस तिथे कोणतं नाटक मराठीत लिहितोय? ज्याचा नायक विचारतो, मला सांगितलं गेलं ते खरं कशावरून? आगरकरांच्या मनात हा मेळ होता की नाही ते मी सांगत नाही. पण मुलांपुढे दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ ठेवल्या की त्यांचा त्यांनाच मेळ लागतो.

आणि आपल्या गावात याची गरज आहेच. बांधाच्या भांडणातून दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत, त्यांची पोरं एकाच बाकावर बसतात. 'तो आपला दुश्मन' हे पोराला घरून कळलेलं असतं, त्याने स्वतः काही पाहिलेलं नसतं. मधल्या सुट्टीत एकाने येऊन सांगायचं, "तो तुह्या बापाले शिव्या देत होता," की लागली मारामारी. लेअर्टीझ आपल्या शाळेत रोज भेटतो.

वर्गात मी एक साधी कृती घेते. फळ्यावर दोन रकाने : 'स्वतः पाहिलेलं' आणि 'कोणीतरी सांगितलेलं'. नाटकातल्या प्रत्येकाला काय माहीत आहे ते मुलांनी योग्य रकान्यात लिहायचं. राणीचं, ऑफेलियाचं, लेअर्टीझचं जवळजवळ सगळं दुसऱ्या रकान्यात जातं. भुताचं बोलणं कुठे लिहायचं यावर मात्र वर्गाचे दोन तट पडतात. भूत हॅम्लेटने स्वतः पाहिलंय, पण खून पाहिलेला नाही. तासिका संपल्याची घंटा होते तरी हा वाद चालूच असतो, आणि मी तो मिटवत नाही.