पडद्यावरची संध्याकाळ, घरातली सकाळ

वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. गांधी-विनोबांच्या कर्मभूमीत दारू विकली जाऊ नये, हा तिच्यामागचा हेतू. पण देवळी, आर्वी, हिंगणघाट भागातल्या बातम्या चाळल्या तर 'मोहा सडवा (दारूसाठी आंबवलेला मोह) नष्ट' हे शब्द आजही हमखास भेटतात. पुलगावहून नदी ओलांडली की अमरावती जिल्हा सुरू होतो आणि तिकडे बंदी नाही. त्यामुळे वर्ध्यातल्या पिणाऱ्याची सकाळ हिशेबाने उजाडते. माल कोण आणणार, चढा भाव कुठून भागवायचा, धाड पडली तर काय? व्यसन म्हणजे बव्हंशी हीच जुळवाजुळव. आपल्या सिनेमाला मात्र संध्याकाळ आवडते. ग्लास, गाणं, झोकांडी.

ही धावपळ मराठी पडद्यावर एकदा रंगली, तीही विनोदात. मुंबईत दारूबंदी आली त्याच 1939 साली अत्र्यांनी लिहिलेला, मास्टर विनायकांचा 'ब्रँडीची बाटली' आला. औषधासाठी ब्रँडी हवी म्हणून एक भोळा कारकून वणवण फिरतो. खरा पिणारा असता तर त्याला बाटली दहा मिनिटांत मिळाली असती आणि सिनेमा तिथेच संपला असता!

तीच वणवण बिली वाइल्डरने 1945 च्या 'द लॉस्ट वीकएंड'मध्ये गंभीरपणे दाखवली. लेखक असलेला नायक खिडकीबाहेर दोरीला बाटली टांगतो, दिव्याच्या शेडमध्ये दुसरी लपवतो. पुढे टाइपरायटर गहाण टाकायला निघतो तर ज्यूंच्या सणामुळे गहाणवटीची दुकानं बंद. तो रस्त्यामागून रस्ते तुडवत राहतो. न्यूयॉर्कची ही पायपीट वर्ध्यातल्या कुठल्याही बाईला समजावून सांगावी लागणार नाही. शेवट हॉलिवूडच्या सवयीने आशेचा केला आहे, तेवढा सोडून द्यावा.

आपल्याकडे हे शहाणपण सिनेमाच्या आधी नाटकाला होतं. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला वारले. त्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. त्याचा नायक सुधाकर दारू सोडायचं ठरवतो, नोकरी मागायला प्रतिष्ठितांच्या दारी जातो, अपमान गिळून परततो आणि पुन्हा पितो. सोडणं आणि पुन्हा धरणं, हा या आजाराचा खरा आलेख गडकऱ्यांनी पकडला होता. पुढच्या मेलोड्रामाने त्यातून सुधाकरच्या बायकोचं, सिंधूचं सोसणं उचललं आणि आलेख तिथेच टाकला.

देवदासने तर फार नुकसान केलं. शरच्चंद्रांची कादंबरी 1917 ची. तेव्हापासून सैगल, दिलीपकुमार, शाहरुख खान असे सगळे प्रेमभंगामुळे पीत आले. मुळात 'अमुक झालं म्हणून पितो' ही पिणाऱ्याने स्वतःच रचलेली गोष्ट असते. कारण पुष्कळदा मागाहून सापडतं, आणि एक संपलं की दुसरं मिळतं. सिनेमाने हा जबाब उलटतपासणी न करता मान्य केला. दुसऱ्या टोकाला विनोदी दारुडा. तो रंगवून गाजलेले जॉनी वॉकर स्वतः दारूला शिवत नसत. त्यांची नक्कल अप्रतिम होती, पण घरी त्या माणसाची वाट कोण बघतंय हे पाहायला कॅमेरा कधी गेला नाही.

अलीकडे फरक पडला आहे. 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'मध्ये (2018) लोकप्रियता आणि दारू एकमेकींना कशा पोसतात ते दिसतं, फक्त दिग्दर्शक नायकाच्या रुबाबाच्या थोडा प्रेमात आहे. 'उडता पंजाब' (2016) जास्त धीट. त्यातला गायक गाजतो, पण सुन्न करतो तो ड्रग्जच्या आहारी गेलेला पोलिसाचा शाळकरी भाऊ. घरात वर्दी आहे आणि कुणालाच पत्ता नाही.

पडद्यावर जवळजवळ येतच नाही तो सोडल्यानंतरचा काळ. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हात थरथरतात, दोन-तीन दिवसांत भास सुरू होऊ शकतात, क्वचित जिवावरही बेततं. म्हणून हे डॉक्टरच्या देखरेखीखाली करावं लागतं. सिनेमात मात्र आईची शपथ पुरते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी 'सहचरी' गट चालतो. नवरा भरती झाला तरी घरातली भीती भरती होत नाही, हे तिथे ओळखलं गेलं. या गटातल्या एका बैठकीवर अख्खा चित्रपट उभा राहील.

आणि विदर्भाचा खर्रा? पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारी सुपारी, तंबाखू, चुना. कॉलेजच्या पोरापासून शेतमजुरापर्यंत सगळ्यांच्या गालात. त्याला ना झोकांडी, ना गाणं, म्हणून पडद्यावर भाव नाही. अपवाद 2012 पासून थिएटरात सक्तीने आलेल्या तंबाखूविरोधी चित्रफितींचा. त्यातली, तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या मुकेशची फीत लागली की प्रेक्षक कंटाळायचे, पुढे तिचे विनोदही झाले. पण भुसावळकडच्या त्या चोवीस वर्षांच्या तरुणाने तंबाखू खाल्ला तो जेमतेम वर्षभर. मोठी शोकांतिका नाही, प्रेमभंग नाही. आमच्या कितीतरी पटकथाकारांना जे जमलं नाही ते त्या अर्ध्या मिनिटात होतं.

वर्ध्यावर कुणी पटकथा लिहायला बसलंच, तर बाटलीपासून सुरुवात करू नये. कापसाचा चुकारा हातात पडल्यावर तो घरात कुठे लपवायचा, हे ठरवणाऱ्या बाईपासून करावी. तिला सगळ्या जागा ठाऊक असतात, आणि त्यातल्या कुठल्या नवऱ्याला सापडल्या आहेत तेही.