कॅफेमधली न्याहारी आणि कॉफीचे गणित

हैदराबादेत न्याहारीला बाहेर जायचे म्हणजे पूर्वी दोनच ठिकाणे डोळ्यांसमोर येत. एक, उडुपी हॉटेलातील इडली आणि फिल्टर कॉफी. नाहीतर इराणी हॉटेलातील चहा आणि उस्मानिया बिस्कीट. हल्ली बंजारा हिल्स, जुबिली हिल्सकडे खास कॉफीसाठी निघालेली कॅफे दिसतात. अकरावी-बारावीची मुलेही तिथे वह्या-पुस्तके घेऊन बसतात. तेव्हा तिथल्या कपात नेमके काय असते, हे मुलांनी आणि पालकांनी समजून घेतलेले बरे.

मेनू कार्डावरची नावे अवघड वाटली तरी कृती सोप्या आहेत. बारीक दळलेल्या कॉफीतून यंत्राच्या दाबाने गरम पाणी अर्ध्या मिनिटात काढले की एस्प्रेसो होते. तिच्यात वाफेने फेसाळलेले दूध घातले की कापुचिनो. दूध जास्त आणि फेस कमी असला की लाटे. गाळणीतील पुडीवर गरम पाणी सावकाश ओतून करतात ती 'पोअर ओव्हर', आणि थंड पाण्यात पूड १२ तास किंवा अधिक भिजवून गाळतात ती 'कोल्ड ब्रू'. पाकिटावर कॉफी कुठे पिकली तेही लिहिलेले असते. त्यात अराकू हे नाव दिसले तर जरूर थांबून वाचा. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी मोठ्या झाडांच्या सावलीत ही कॉफी पिकवतात. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आता गणिताकडे वळू. आपल्याच शहरात तारनाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही संस्था. तिने २०२४ मध्ये आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार १५० मिलिलिटर ताज्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. मुलांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा दिवसाला दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम अशी आहे. म्हणजे ४५ किलो वजनाच्या मुलाला १३५ मिलिग्रॅम. कॅफेतला ३०० मिलिलिटरचा एकच मोठा मग ही मर्यादा ओलांडू शकतो. शिवाय पोटात गेलेले निम्मे कॅफिन सुमारे पाच तासांनीही शरीरात राहते. संध्याकाळी अभ्यासासाठी घेतलेली कॉफी रात्रीची झोप पळवते, आणि झोप नसली की केलेला अभ्यासही नीट लक्षात राहत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कॉफी आणि चहातील टॅनिन अन्नातील लोहाला धरून ठेवते, त्यामुळे ते रक्तात कमी जाते. म्हणूनच जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे पोषण संस्था सांगते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयोगटातील दर १० मुलींपैकी जवळजवळ ६ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. अशा वेळी खाण्याबरोबरच कॉफी घेणे मुलींना परवडणारे नाही. उलट पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली घरची रीत शास्त्राला धरून आहे, कारण लिंबातील क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते.

म्हणून कॅफेत जरूर जा, पण काही पथ्ये पाळा. क्रोसाँ, मफिन म्हणजे मुख्यतः मैदा, लोणी आणि साखर. त्यापेक्षा अंडे किंवा भाज्या घातलेले टोस्ट मागवा. सोबत फळांचा रस किंवा नुसते दूध घ्या. कॉफीची चव घ्यायचीच असेल तर लहान कप, तोही खाण्यानंतर तासाभराने. पालकांनी मुलांना रागे भरण्यापेक्षा एकदा त्यांच्याबरोबर जावे आणि मेनू कार्ड मिळून वाचावे. आणि परीक्षेच्या सकाळी? घरचे पोहे, वर लिंबू. कॉफी नको.