‘नॉर्मल’ लिहिण्याआधी

आजारी माणूस दवाखान्यात जातो तो दुखणे घेऊन. मॅमोग्राफीच्या स्क्रीनिंगला येणारी बाई मात्र धडधाकट असते. हाताला गाठ लागलेली नसते, काही दुखत नसते. तपासून घ्या असे सगळे सांगतात म्हणून ती येते. एक्स-रे चित्र धूसर निघाले तर तिला ते कळायला मार्ग नाही. अहवालावर ‘नॉर्मल’ असे वाचून ती निर्धास्त घरी जाते आणि पुढची तपासणी येईपर्यंत गाठीला वाढायला मोकळे रान मिळते. निरोगी माणसाला तपासणीला बोलवायचे तर तिच्या दर्जाची हमीही द्यायला हवी. अमेरिकेने ती कायद्यात लिहून ठेवली.

१९८५मध्ये तिथे देशभर पाहणी झाली तेव्हा सुमारे एक तृतीयांश केंद्रांतली चित्रे समाधानकारक नव्हती. १९८७पासून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने मानांकन सुरू केले, पण ते ऐच्छिक होते. २७ ऑक्टोबर १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांच्या सहीने मॅमोग्राफी दर्जा मानक कायदा झाला. अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे आली आणि १ ऑक्टोबर १९९४पासून प्रमाणपत्राशिवाय केंद्र चालवणे बेकायदा ठरले.

या कायद्याची खरी ताकद बारकाव्यांत आहे. फिल्मच्या काळापासून वापरात असलेला ‘फॅन्टम’ घ्या. स्तनाच्या जागी यंत्राखाली ठेवायचा हा अॅक्रिलिकचा ठोकळा. आतल्या मेणात नायलॉनचे ६ तंतू, बारीक कणांचे ५ पुंजके आणि गाठीसारखे ५ उंचवटे दडवलेले असतात. सर्वांत बारीक कण ०.१६ मिलिमीटरचा. कर्करोगाची पहिली खूण कित्येकदा कॅल्शियमच्या अशाच कणांची असते, म्हणून ही परीक्षा. दर आठवड्याला ठोकळ्याचे चित्र काढायचे. त्यात किमान ४ तंतू, ३ पुंजके आणि ३ उंचवटे दिसलेच पाहिजेत. नाही दिसले तर दोष दूर होईपर्यंत त्या यंत्रावर एकाही बाईची तपासणी करायची नाही. प्रखर किरण वापरून चित्र सुधारण्याची पळवाटही बंद आहे: प्रमाणित जाडीच्या स्तनासाठी एका चित्रामागे ३ मिलिग्रेहून जास्त मात्रा चालत नाही.

नियम माणसांनाही आहेत. चित्र वाचणाऱ्या डॉक्टरने २४ महिन्यांत किमान ९६० तपासण्या वाचलेल्या असाव्यात, तंत्रज्ञाने २०० केलेल्या असाव्यात. संशयास्पद अहवालांचे पुढे काय झाले, बायॉप्सीत काय निघाले, याचा ताळा केंद्राने ठेवायचा. वर्षातून एकदा निरीक्षक येऊन हे सगळे दप्तर तपासतो.

१९९८च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. निकाल फक्त डॉक्टरकडे न पाठवता प्रत्येक बाईला सोप्या भाषेत लेखी कळवणे बंधनकारक झाले. तरी एक उणीव राहिली. दाट ऊती असलेला स्तन चित्रात पांढरा दिसतो, गाठही पांढरीच. त्यामुळे ती झाकली जाते. कनेक्टिकटच्या नॅन्सी कॅपेलो यांचे मॅमोग्राम नॉर्मल आले आणि २००४मध्ये कर्करोग सापडला तो पुढच्या टप्प्यात. आपले स्तन दाट आहेत हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. त्यांनी नेट लावला आणि २००९मध्ये ही माहिती देणे सक्तीचे करणारा पहिला राज्य कायदा कनेक्टिकटने केला. एफडीएचा देशव्यापी नियम लागू व्हायला १० सप्टेंबर २०२४ उजाडला. त्या पंधरा वर्षांत बाईला स्वतःच्या शरीराविषयी काय कळणार, हे ती कोणत्या राज्यात राहते यावर ठरत होते.

भारतात मॅमोग्राफीपुरता असा स्वतंत्र कायदा नाही. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना यंत्राला लागतो आणि किरणांच्या सुरक्षिततेवर मंडळाची नजर असते. पण वाचणाऱ्याचा सराव, निकालांचा ताळा, बाईच्या हाती पडणारे पत्र यांचे काय? टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख महिलांवर केलेल्या अभ्यासात यंत्र नव्हतेच. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. कसून शिकवलेला हातही जीव वाचवतो.

म्हणून स्क्रीनिंगची शिबिरे किती झाली, यंत्रे किती आली एवढ्या मोजदादीवर समाधान मानता येणार नाही. चित्र कोणी काढले, कोणी वाचले, चूक झाली तर ती कोणाच्या नजरेला येते, याची उत्तरे कायद्याने बांधून घ्यावी लागतील. त्यासाठीचा खर्च आणि कटकट शासनाने व केंद्रांनी सोसायची आहे. आज तो भार ‘नॉर्मल’ या शब्दावर विसंबणाऱ्या बाईवर पडतो आहे.