अनोळखी चालीपुढे मेंदू का अडखळतो?

बुद्धिबळात काही बचाव असे असतात की, ते फोडायला बसलेल्या खेळाडूचाच धीर आधी सुटतो. कारो-कान हा त्यांपैकी एक. होरेशियो कारो आणि मार्कुस कान या दोन खेळाडूंनी १८८६ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून हे जोडनाव. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले की काळा सी६ खेळतो आणि पुढच्याच चालीला डी५ वर दुसरे प्यादे आणतो. यात दिखाऊ असे काही नाही. प्याद्यांची फळी भक्कम राहते आणि राजा सुरक्षित. कापाब्लांका, बोट्विनिक आणि कारपोव या तीन जगज्जेत्यांनी हा बचाव विश्वासाने वापरला.

अशा तटबंदीसमोर अनेक खेळाडू आडवाट धरतात. फारशी खेळली न जाणारी, थोडी विचित्र दिसणारी चाल करून प्रतिस्पर्ध्याला गोंधळात टाकायचे, हा त्यामागचा हिशेब. पण बचाव मुळात मजबूत असेल, तर एका विचित्र चालीने तो कमकुवत कसा होईल? याचे उत्तर पटापेक्षा समोरच्याच्या मेंदूत अधिक सापडते.

एक नेमके उदाहरण पाहू. कारो-कानमध्ये पांढरा आपले प्यादे ई५ वर पुढे ढकलतो आणि काळा आपला उंट एफ५ वर बाहेर काढतो. हा उंट मोकळा करणे हेच काळ्याचे पहिले उद्दिष्ट असते. तो बाहेर आला की ई६ खेळून फळी बंद करायची, हे कारो-कान खेळणाऱ्याच्या हातात बसलेले असते. इथे पांढरा अचानक कडेचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो : एच४. मोहरे बाहेर काढणे नाही, किल्लेकोटाची तयारी नाही. नवशिक्याने केल्यासारखी ही चाल दिसते.

काळ्याने सवयीने ई६ खेळले की घात होतो. पांढरा जी४ खेळून उंटावर हल्ला चढवतो. उंट जी६ वर मागे गेला तर एच५, तिथून ई४ वर पळाला तर एफ३. आता त्याला जायला एकही सुरक्षित घर उरत नाही आणि तो प्याद्याच्या तोंडी जातो. एरवी शंभर डावांत बरोबर ठरलेली चाल नेमकी इथे चुकते.

अनुभवी खेळाडूसुद्धा असा का फसतो, हे समजून घ्यायला मानसशास्त्राची मदत होते. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान डी ग्रूट स्वतः उत्तम बुद्धिबळ खेळत. श्रेष्ठ खेळाडू इतरांपेक्षा कितीतरी चाली पुढचे पाहत असतील, असा सर्वसाधारण समज होता. डी ग्रूट यांना हा फरक अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला. खरा फरक होता तो स्थिती पाहताक्षणी ओळखण्यात. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. प्रत्यक्ष डावातली, सुमारे पंचवीस मोहऱ्यांची स्थिती ५ सेकंद दाखवायची आणि मग ती रिकाम्या पटावर मांडायला सांगायची. मास्टर दर्जाच्या खेळाडूने सुमारे १६ मोहरे बरोबर मांडले, नवशिक्याने ४. त्यानंतर मोहरे पटावर वाटेल तसे विखरून ठेवले, तेव्हा मास्टरची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली.

याचा अर्थ असा की, मास्टरची स्मरणशक्ती सर्वच बाबतींत अफाट नसते. त्याच्या मेंदूत ओळखीच्या आकृतिबंधांचा मोठा साठा असतो. किल्लेकोट केलेला राजा आणि त्यापुढची तीन प्यादी आपल्याला चार-पाच वेगवेगळ्या वस्तू दिसतात. त्याला ती एकच वस्तू दिसते, जसे आपण शब्द अक्षरे न जुळवता वाचतो. मास्टरकडे असे दहा हजार ते एक लाख आकृतिबंध असावेत, असा सायमन यांचा अंदाज होता. आकृतिबंध ओळखला की त्याला जोडलेली चालही आपोआप आठवते. ओळखीचा बचाव खेळणे हलके वाटते ते यामुळे. तिथे मेंदू गणित मांडत नाही, उत्तर आठवतो.

आडवाटेची चाल घाव घालते ती इथे. आठवणीचा धागा तुटतो आणि प्रत्येक चाल नव्याने मोजावी लागते. हे काम संथ आणि थकवणारे असते, शिवाय घड्याळ चालूच असते. पण याहून वाईट प्रकार म्हणजे धागा तुटला आहे, हेच लक्षात न येणे.

या प्रकाराला ‘आइनश्टेलुंग परिणाम’ असे जर्मन नाव आहे. एक ओळखीचा उपाय मनात आला की त्याहून चांगला उपाय दिसेनासा होतो. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे यांनी २००८ मध्ये हे बुद्धिबळपटूंवर तपासले. त्यांनी दिलेल्या स्थितीत एक प्रसिद्ध, सर्वांना पाठ असलेली मात होती आणि तिच्याहून कमी चालींत होणारी दुसरी, अनोळखी मातही होती. खेळाडूंना पहिली लगेच दिसली. आणखी जवळची मात शोधा, असे सांगितल्यावर ते शोधू लागले. निदान त्यांना तसे वाटत होते. पण डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राने वेगळेच दाखवले. त्यांची नजर पुन्हा पुन्हा पहिल्या मातेशी संबंधित घरांकडेच वळत होती. स्थितीत थोडा बदल करून पाठ असलेली मात अशक्य केली, तेव्हा तशाच खेळाडूंना छोटी मात सापडली. एच४ नंतर हात ई६ कडे जातो, तेव्हाही बहुधा हेच घडत असते.

पण अशा चालीची ताकद मर्यादित असते, हे इतिहास सांगतो. १९६० मध्ये २३ वर्षांच्या मिखाईल तालने ४८ वर्षांच्या बोट्विनिकला १२½–८½ असे हरवून जगज्जेतेपद मिळवले. त्याच सामन्याच्या तिसऱ्या डावात, कारो-कानविरुद्ध, तालने उंटाला मारायला वजीर न वापरता जी-पट्टीवरचे प्यादे वापरले आणि आपलीच फळी मोडून घेतली. प्रेक्षकांना धक्का देणारी चाल. डाव मात्र बरोबरीत सुटला. १९६१ च्या परतीच्या सामन्यात तालने वर सांगितलेली एच४ ही चालही वापरली. बोट्विनिक सापळ्यात सापडणाऱ्यांतला नव्हता. शिवाय तो अभ्यास करून आला होता. तो सामना त्याने १३–८ असा जिंकला.

कारण एच४ ला उत्तर आहे आणि ते अवघड नाही. काळ्याने आपलेही कडेचे प्यादे हलवायचे. एच५ खेळले तर जी४ अडते. एच६ खेळले तर उंटाला एच७ वर परतायची वाट मिळते. मग हिशेब उलटतो. पांढऱ्याने त्या बाजूचे प्यादे आधीच पुढे टाकलेले असते, त्यामुळे तिकडे किल्लेकोट करणे आता तितके निर्धोक राहत नाही. आज एच४ तालच्या नावाने ओळखली जाते आणि मोठ्या स्पर्धांतही नेहमी दिसते. आश्चर्य संपले, तरी चाल टिकली. कारण सापळा टळल्यानंतरही त्या बाजूला जागा मिळवण्याची कल्पना तिच्यात शिल्लक होती.

शिकणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी लक्षात ठेवावे ते हेच. केवळ सापळ्यासाठी पाठ केलेली ओळ पहिल्या काही डावांत गुण मिळवून देते. समोरच्याने एकदा घरी जाऊन ती पाहिली की तिचा उपयोग संपतो. आडवाट निवडण्याआधी एक प्रश्न विचारावा : समोरच्याने अचूक उत्तर दिले, तर हा डाव खेळायला मला आवडेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ती वाट घ्यावी आणि तिथली स्थिती समोरच्यापेक्षा अधिक वेळा खेळून पाहावी. म्हणजे नवखेपणाचा भार त्याच्यावर पडतो, आपल्यावर नाही. बचाव करणाऱ्यासाठी नियम आणखी सोपा आहे. विचित्र चाल दिसली की सवयीचे उत्तर देण्याआधी थांबून पाहावे, या चालीने पटावर नेमके काय बदलले?

हा प्रश्न पटाबाहेरही मोलाचा ठरतो. क्ष-किरण तपासणाऱ्या डॉक्टरांना एक दोष सापडला की त्याच चित्रातला दुसरा दोष नजरेतून सुटण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला परिचित आहे. रुग्णाची लक्षणे ओळखीच्या आजाराशी जुळली की न जुळणारे एखादे लक्षण मागे पडते. अनुभव नसता तर रोग ओळखताच आला नसता. पण तोच अनुभव कधीकधी डोळ्यांवर झापड आणतो. म्हणून तपासणीच्या शेवटी ‘याशिवाय आणखी काय असू शकेल?’ असे स्वतःला विचारायची सवय डॉक्टरांना लावली जाते. एच४ समोर आल्यावर ई६ कडे गेलेला हात मागे घेणारा खेळाडूही तेच करत असतो.