नाण्याची किंमत ठरवतं कोण?

‘तुमच्याकडे हे जुनं पाच रुपयांचं नाणं आहे? मग तुम्ही लखपती झालात!’ अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. खाली एक नंबर असतो. फोन केला की आधी रजिस्ट्रेशन फी, मग टॅक्स, मग आणखी कसली तरी फी मागतात. पैसे जातात, नाणं मात्र घरातच राहतं. या फसवणुकीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरलं जायला लागलं, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर निवेदन काढावं लागलं. आमचा अशा व्यवहारांशी संबंध नाही आणि आम्ही कुठलीही फी किंवा कमिशन मागत नाही, असं बँकेनं त्यात स्पष्ट सांगितलं.

नाणी जमवणाऱ्यांना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्नही हाच असतो, ‘याचे किती येतील?’ प्रश्न चुकीचा नाही, अर्धवट आहे. नाण्याला किंमत येते कुठून आणि जाते कुठे, हे त्याच्याआधी विचारायला हवं. यंदा माझ्या अल्बममध्ये आलेल्या परदेशी नाण्यांपैकी पाच मी त्यासाठीच निवडली आहेत. यातलं एकही मला लखपती करणार नाही. पण अर्थशास्त्राच्या पुस्तकातला ‘पैसा म्हणजे विश्वास’ हा धडा तुम्हाला कोरडा वाटत असेल, तर ही पाच नाणी बघाच.

१. सुखाचे दिवस आले म्हणे!

पहिलं नाणं रोमन सम्राट दुसरा कॉन्स्टँटियस याचं, चौथ्या शतकातलं. साडेसोळाशे वर्षांहून जुनं असूनही ते बऱ्या हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाइतक्या पैशात मिळू शकतं. कारण सोपं आहे. ही नाणी प्रचंड संख्येनं पाडली गेली आणि आजही सापडतात. नुसतं ‘जुनं’ म्हणजे ‘महाग’ नाही, हा पहिला धडा.

नाण्यावर एक रोमन सैनिक घोड्यासह कोसळलेल्या शत्रूला भाला मारतोय. भोवती लॅटिनमध्ये मजकूर आहे, त्याचा अर्थ साधारण ‘सुखाचा काळ परत आला’. ही मालिका इ.स. ३४८ च्या सुमारास सुरू झाली. पुढे काय झालं? ३५० मध्ये सम्राटाचा भाऊ बंडात मारला गेला. ३५१ मध्ये मुर्सा इथे, म्हणजे आजच्या क्रोएशियात, रोमन सैन्यं एकमेकांविरुद्धच लढली आणि हजारो सैनिक मेले. नाणंही आक्रसत गेलं. सुरुवातीला पाच ग्रॅमच्या आसपास असलेलं हे नाणं काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. मजकूर मात्र तोच राहिला, सुखाचा काळ परत आला! माझ्याकडचं नाणं या नंतरच्या, बारक्या खेपेतलं आहे. म्हणूनच ते मला जास्त आवडतं.

२. सराफांनी ठोकलेलं नाणं

दुसरं नाणं मेक्सिकोच्या टांकसाळीतलं, स्पेनचा राजा चौथा कार्लोस याचा चेहरा असलेलं आठ रियालचं. सुमारे २७ ग्रॅमचं हे चांदीचं नाणं त्या काळचं आंतरराष्ट्रीय चलन होतं. अमेरिकेतसुद्धा ते १८५७ पर्यंत कायदेशीर चलन म्हणून चालत होतं.

पण माझ्या नाण्यावर राजाच्या गालावर, कपाळावर बारीक बारीक चिनी ठसे ठोकलेले आहेत. हे नाणं चीनला पोचलं, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी राजाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला नाही. नाणं तपासायचं, वजन करायचं आणि खरं निघालं की आपला ठसा मारायचा, अशी पद्धत होती. पुढच्या व्यापाऱ्यानं पुन्हा तपासायचं, पुन्हा ठसा. त्यांचा संशय अनाठायी नव्हता. स्पेननं १७७२ मध्ये आणि पुन्हा १७८६ मध्ये या नाण्यातलं चांदीचं प्रमाण गुपचूप कमी केलं होतं.

गंमत म्हणजे चीनमधल्या परदेशी पेढ्यांत नाणी पारखणाऱ्या माणसाला ‘श्रॉफ’ म्हणत. हा आपलाच ‘सराफ’! हाँगकाँगला गेलात तर पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ अशी पाटी दिसेल. काही संग्राहक असे ठसे असलेलं नाणं ‘खराब’ समजतात. मला मात्र प्रत्येक ठसा म्हणजे त्या नाण्याला मिळालेलं एकेक रेटिंग वाटतं.

३. १७८० साल संपतच नाही

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा नोव्हेंबर १७८० मध्ये वारली. तिच्या चेहऱ्याचं चांदीचं नाणं, म्हणजे थेलर, त्यानंतरही पाडलं जात राहिलं आणि त्यावरचं साल आजही १७८० च असतं. कारण येमेन, इथिओपिया आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना हेच नाणं हवं होतं. चेहरा तोच, साल तेच, तिच्या दागिन्यातले मोतीही तसेच. काही बदललं की नाणं नाकारलं जाण्याची भीती. थोडक्यात, गेलेल्या राणीवर लोकांचा जिवंत राजांपेक्षा जास्त भरवसा होता!

या थेलरची एक गोष्ट मुंबईत येऊन पोचते. इथिओपियावर डोळा ठेवून असलेल्या मुसोलिनीनं १९३५ मध्ये ऑस्ट्रियाकडून हे नाणं पाडण्याचा हक्क मिळवला. मग इतर देशांनीही आपापल्या टांकसाळीत ते पाडायला सुरुवात केली. दुसरं महायुद्ध पेटल्यावर, १९४० आणि १९४१ मध्ये, फोर्टमधल्या मुंबई टांकसाळीतून दीड कोटीहून जास्त थेलर बाहेर पडले. ऑस्ट्रियाची राणी, १७८० साल आणि जन्म मुंबईचा! अशा नाण्याचा खरा जन्मगाव शोधायचा तर गरुडाची पिसं आणि दागिन्यातले मोती भिंगाखाली ताडून बघावे लागतात. हा टाइमपास वेब सीरिजइतकाच व्यसन लावणारा आहे, आधीच सांगून ठेवते.

४. एका पावाला ४० कोटी नाणी

पाचांपैकी हे सगळ्यात स्वस्त नाणं. जर्मनीचं १९२३ मधलं ५०० मार्क, ॲल्युमिनियमचं. हातात घेतलं तर वजन जाणवतच नाही, दोन ग्रॅमहूनही हलकं. पहिल्या महायुद्धाआधी एका डॉलरला सुमारे ४.२ मार्क पडायचे. युद्धाचं कर्ज, मग नुकसानभरपाईचं ओझं, त्यात जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमनं रूर हा औद्योगिक भाग ताब्यात घेतला. विरोध म्हणून काम थांबवलेल्या कामगारांचे पगार सरकारनं नोटा छापून दिले. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. आकडा तोच, मागे फक्त बारा शून्यं लागली.

त्या महिन्यात बर्लिनमध्ये पावाची किंमत २० हजार कोटी मार्कांच्या घरात गेली होती. म्हणजे माझ्याकडच्या नाण्यासारखी ४० कोटी नाणी द्यायची, तेव्हा एक पाव मिळणार. ज्यांनी आयुष्यभर बँकेत पैसे साठवले होते, त्यांची पुंजी अशी वितळून गेली. हे नाणं खोटं नाही, त्याची टांकसाळ खरी, त्यावरचं सरकारही खरं. फक्त लोकांचा त्यावरचा विश्वास संपला होता.

५. रेल्वेच्या वर्कशॉपमधली टांकसाळ

शेवटचं नाणं पितळेचं, ओबडधोबड, २० हेलरचं. साल १९१६, ठिकाण टाबोरा, म्हणजे आजचा टांझानिया, तेव्हाचा जर्मन पूर्व आफ्रिका. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलानं नाकेबंदी केली आणि जर्मनीहून नाणी येणं बंद झालं. मग टाबोराच्या रेल्वे वर्कशॉपमध्येच तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या आणि भंगार वितळवून नाणी पाडायला सुरुवात झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेल्जियन सैन्यानं टाबोरा घेतलं आणि सगळा खेळ संपला.

या जर्मन वसाहतीचं चलन कोणतं होतं माहितीये? रुपया! भारतीय व्यापाऱ्यांमुळे त्या किनाऱ्यावर रुपया इतका रुळलेला होता, की जर्मनांनीही आपल्या नाण्याचं नाव ‘रुपी’च ठेवलं. सुरुवातीला त्याचे ६४ ‘पेसा’ होत, १९०४ पासून १०० हेलर व्हायला लागले. स्वाहिली भाषेत पैशाला आजही ‘पेसा’च म्हणतात. केनियात २००७ मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू झाली, तिचं नाव ‘एम-पेसा’. तुम्ही यूपीआय करता, ते ‘पेसा’ पाठवतात. शब्द आपलाच आहे.

तुम्हालाही सुरुवात करायचीय?

मग आधी विषय निवडा, नाणं नंतर. महागाईची नाणी, युद्धकाळातली नाणी, तुमच्या आवडत्या फुटबॉल टीमच्या देशाची नाणी, काहीही चालेल. डिजिटल वजनकाटा, लोहचुंबक आणि भिंग एवढी साधनं पुरतात. चांदी चुंबकाला चिकटत नाही आणि थेलरचं वजन २८.०७ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. दोन्हीपैकी एक जरी चुकलं, तरी पाकीट खिशात परत ठेवा. नाणं चिंच-लिंबानं घासून चकचकीत करू नका, त्यानं त्याची किंमत कायमची उतरते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तर ठेवूच नका, कालांतरानं हिरवा चिकट थर धरतो.

कायदाही लक्षात ठेवा. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. एमएस करायला परदेशी निघालात तर आजोबांचं जुनं नाणं ‘लकी चार्म’ म्हणून बॅगेत टाकू नका.

विकत घ्यायचं नसेल तर नुसतं बघा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची खास संशोधन संस्था आहे. ट्रेकला जाताच, तर जाता-येता तिथेही डोकावा.

आणि ती लखपतीवाली रील पुन्हा दिसली, तर त्या चिनी सराफांना आठवा. समोर राजाचा चेहरा असूनही ते आधी तपासायचे, मगच ठसा मारायचे. तुम्ही तर अनोळखी नंबरवर पैसे पाठवायला निघालाय.