ट्टॉक! फास्टर फेणे भंडारदऱ्यास

मुलांसाठी लिहिणे सोपे, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे फार दिवस नांदत आहे. पुस्तक कंटाळवाणे निघाले तरी मोठी माणसे भिडेखातर ते पुरे करतात. पोरे दुसऱ्याच पानावर उठून विटीदांडू शोधू लागतात! अशा निष्ठुर वाचकांना तासन् तास एका जागी बसवून ठेवणारे लेखक म्हणजे भा. रा. भागवत.

भागवतांचा जन्म १९१० सालचा. २००१ साली ते गेले. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी त्यांनी मराठी मुलांना घडवल्या. पुस्तकवेडा बिपिन बुकलवारही त्यांचाच. परंतु त्यांचा खरा लाडका म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, अंगाने काडीपैलवान, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा आणि काही सुचले की तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढणारा हा पोरगा. त्याच्या नावाची वीस पुस्तके झाली. प्रतापगड, काश्मीर, चक्रीवादळ—बहाद्दर कोठे म्हणून गेला नाही?

या पोराची मोहिनी कशात असावी? एक तर तो राजपुत्र नव्हे की जादूगार नव्हे. त्याच्यापाशी आहे ती एक सायकल, दोन उघडे डोळे आणि नसत्या भानगडीत नाक खुपसण्याची दांडगी हौस. 'हे मलाही जमेल', असे वाचणाऱ्या प्रत्येक पोराला वाटते. दुसरे म्हणजे भागवतांची भाषा. ती उपदेश करीत नाही, थांबत नाही. पोरांच्या बरोबरीने धापा टाकीत पळते.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सहकुटुंब भंडारदऱ्यास गेलो होतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले हे ठिकाण. प्रवरेवरचे १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, त्यामागचा विस्तीर्ण जलाशय आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई. पाऊस तोंडावर आला की इथली झाडे काजव्यांनी लखलखतात, ते पाहावे हा बेत. पण काजवे दिसणार रात्री. दिवसभर करायचे काय? त्यात मोबाइलला रेंज नाही. आमचे दहा वर्षांचे नातवंड अगदी हवालदिल झाले!

मी पिशवीतून फास्टर फेणे काढला आणि मोठ्याने वाचू लागलो. नातू इंग्रजी शाळेतला. मराठी त्याच्या कानांना येते, जिभेला येते; डोळ्यांना मात्र जड जाते. जोडाक्षर दिसले की स्वारी अडते. प्रथम तो दाराशी उभा राहून ऐकत होता, मग खाटेच्या कडेवर टेकला, मग माझ्या खांद्यावरून पानात डोकावू लागला. गोष्ट ऐन रंगात आली आणि मी चष्मा काढून ठेवला.

"आजोबा, पुढे काय झालं?"

"माझे डोळे दुखताहेत बुवा. तूच वाच की."

तो रुसला, फुरंगटला, आजीकडे वशिला लावून आला. आजीही अनुभवी, तिने तांदूळ निवडायला घेतले. शेवटी पुस्तक उचलून, ओळीवर बोट ठेवून, अडखळत अडखळत पठ्ठ्याने ते पान पुरे केले. एका पानाला चांगली वीस मिनिटे लागली. आम्ही दोघांनी एकदाही शब्द सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी धरणाच्या भिंतीकडे पाहत त्याने गंभीरपणे विचारले, "आजोबा, चोर इथे लपले तर कुठल्या बाजूने पळतील?"

माझ्या मते या पुस्तकांची खरी करामत हीच. १९८०च्या दशकात दूरदर्शनने सुमीत राघवनच्या रूपाने फास्टर फेणे घरोघर पोचवला; २०१७ साली अमेय वाघने तो पडद्यावर रंगवला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण पडदा पाहायला अक्षरओळख लागत नाही. आपल्या घरात मराठी बोलली जाते यावर आपण निर्धास्त असतो; ती वाचता येणे एका पिढीतच सुटू शकते, हे ध्यानात येत नाही. मग आजीच्या पत्रांचा गठ्ठा नातवाला नुसता रद्दी वाटू लागतो.

तेव्हा यंदाच्या फराळाच्या ताटाशेजारी एक फास्टर फेणे ठेवून पाहा. पहिली दहा पाने तुम्ही वाचा आणि गोष्ट रंगात आली, की बेलाशक चष्मा काढून ठेवा!