बदकांपासून लपताना : कमी खर्चाचा ‘ब्लाइंड’ विकत घ्यावा की बांधावा?

रेडमंड : ऑक्टोबरचा मध्य उलटला की इथल्या कार्यालयीन गप्पांत एक नवा विषय डोकावतो. एखादा अमेरिकी सहकारी स्नोक्वाल्मी खोऱ्यातल्या शनिवारच्या पहाटेची हकिकत सांगतो आणि ‘पुढच्या खेपेस तुम्हीही चला’ असे निमंत्रण देतो. मध्ये काही दिवसांचा विराम सोडला तर जानेवारीअखेरपर्यंत हा हंगाम चालतो. आपल्यापैकी बहुतेकांनी शिकार फक्त पुस्तकांत वाचलेली असते. त्यामुळे हाती बंदूक असो वा कॅमेरा, पहिला प्रश्न एकच असतो : बदकांच्या नजरेला पडू नये म्हणून बसायचे कशात?

या आडोशाला इथे ‘ब्लाइंड’ म्हणतात. आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक त्याला ‘लपण’ म्हणतात. दुकानात तो काही शे डॉलरांना मिळतो. मात्र त्याचे यश किमतीवर फारसे अवलंबून नसते, हे मी अनुभवाने शिकलो. पहिल्या वर्षी मी नवाकोरा तयार ब्लाइंड घेऊन हातात कॅमेरा धरून बसलो होतो. बदकांचे थवे येत, वर एक घिरटी घालीत आणि दूर निघून जात. नव्या कापडाला चकाकी होती, आणि प्रत्येक थव्याबरोबर मी तोंड वर करून पाहत होतो. पलीकडच्या चरात एक वृद्ध शिकारी गोणपाट आणि वाळक्या गवताच्या आडोशात बसले होते. बदके त्यांच्यापुढे निःशंक उतरत होती.

बदकाला काय दिसते?

बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. रंगांची त्याची जाणही आपल्यापेक्षा सूक्ष्म असते. शिवाय ते वरून पाहते. म्हणूनच समोरून उत्तम झाकलेला, पण वरून उघडा असलेला ब्लाइंड त्याला काळ्या खड्ड्यासारखा उठून दिसतो. हालचाल, चकाकी, वर केलेला उजळ चेहरा आणि निसर्गात न आढळणारी सरळ रेषा या चार गोष्टी त्याला सावध करतात.

हे तत्त्व आपल्याला नवे नाही. पूर्वी हिंदुस्थानातल्या तळ्यांवर बदके धरणारे लोक आधी काही दिवस रिकामी मडकी पाण्यावर सोडून देत. बदकांना त्यांची सवय झाली की माणूस तसेच मडके डोक्यावर घेऊन गळ्याइतक्या पाण्यात उतरे, सावकाश जवळ जाई आणि बदकाचे पाय पाण्याखालून ओढी. जगातला बहुधा सर्वांत स्वस्त ब्लाइंड तोच असावा. बदकाला ओळखीचे वाटेल असे रूप आणि संथ हालचाल, एवढेच त्याचे भांडवल होते.

विकत घेताना

कापणी झालेल्या मक्याच्या शेतात आडवे पडून बसण्याचा पेटीवजा ‘लेआउट ब्लाइंड’ उपयोगी पडतो. मात्र पाणथळ जमिनीत तो भिजतो आणि पाठही भिजवतो. चराच्या किंवा तळ्याच्या काठी दोन-तीन जणांसाठी घडीचा ‘ए-फ्रेम’ बरा. घेताना छापील नक्षीला भुलू नये. गवत खोचण्यासाठी पुरेसे पट्टे आहेत का, वरची बाजू झाकता येते का आणि चिखलातून अर्धा मैल वाहून नेता येईल इतके वजन आहे का, हे पाहावे. नवे कापड ओल्या मातीने माखून वाळवले की चकाकी जाते.

बांधताना

दोघांसाठी ब्लाइंड बांधणे एका दुपारचे काम आहे. विजेच्या तारा ओढण्यासाठी वापरतात तो पातळ पोलादी पाइप इथे दहा फुटी लांबीत मिळतो. असे चार पाइप घ्यावेत आणि प्रत्येकाचे सहा व चार फुटांचे तुकडे करावेत. काटकोनी जोड वापरून सहा बाय चार फुटांच्या दोन चौकटी तयार होतात आणि पाइप वाया जात नाही. त्यांना चकाकी नसलेला तपकिरी रंग द्यावा. चौकटींवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि त्यावर गोणपाट प्लॅस्टिकच्या बंधांनी आवळावे. दोन्ही चौकटी साडेतीन फुटांच्या अंतरावर, किंचित आत कललेल्या उभ्या करून खुंट्यांना बांधाव्यात. बाजू गोणपाटाने झाकाव्यात.

खरे काम यानंतर सुरू होते. जाळीत वाळके गवत दाट खोचावे. पुढच्या कडेवर ते वीतभर वर येऊ द्यावे, म्हणजे बादलीवर बसल्यावर गवताच्या फटींतून पाहता येते. मागच्या चौकटीवरून गवताचे छप्पर पुढे झुकवावे. गवत त्या जागेच्या रंगाचेच हवे. सार्वजनिक जमिनीवरचे मात्र कापू नये. ओळखीच्या शेतातले घ्यावे किंवा गवताच्या तयार चटया आणाव्यात. वापर झाल्यावर त्या झटकाव्यात, कारण बी एका पाणथळीतून दुसरीकडे जाते.

जागा आणि वारा

बदके वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. म्हणून वारा पाठीशी असावा आणि शक्य तर सूर्यही. मोकळ्या जागी एकटा ब्लाइंड बेटासारखा दिसतो. तो झुडपांच्या रांगेत किंवा चराच्या काठी मिसळून जावा. रेडमंडहून साधारण अर्ध्या तासावर, कार्नेशन आणि डुव्हॉल यांच्या परिसरात, राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाच्या स्टिलवॉटर आणि चेरी व्हॅली या जागा आहेत. तिथले त्या वर्षीचे नियम वाचूनच निघावे आणि नेलेले सर्व सामान त्याच दिवशी परत आणावे. हिवाळी पावसात स्नोक्वाल्मी नदी रस्ते बुडवते; पाणी चढते आहे असे दिसले तर घरीच राहणे शहाणपणाचे.

बंदूक हातात घेण्यापूर्वी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना शस्त्र व काडतुसे बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मुळात मनाई आहे. वैध शिकार-परवाना हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. वॉशिंग्टन राज्यात परदेशी नागरिकांसाठी स्वतंत्र शस्त्रपरवान्याची अटही आहे. मित्राची बंदूक ‘क्षणभर धरणे’ हेही बाळगणे ठरू शकते आणि त्यात व्हिसा पणाला लागू शकतो. स्थलांतरविषयक वकिलाला आधी विचारावे. १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय इथे शिकार-परवाना मिळत नाही. योगायोग असा, की भारतात शिकारीला पायबंद घालणारा वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. त्याआधीच्या भारताची साक्ष भरतपूरला मिळते : १२ नोव्हेंबर १९३८ रोजी तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आज तेच ठिकाण केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे.

सोळा वर्षांवरील बदक-शिकाऱ्यांना २५ डॉलरचा संघराज्याचा ‘डक स्टॅम्प’ घ्यावाच लागतो. १९३४ पासून चालत आलेल्या या तिकिटाच्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ अधिवास राखण्यासाठी जातात. कॅमेरा घेऊन बसणाराही तो घेऊ शकतो. मी दरवर्षी घेतो, आणि त्याच गोणपाटाच्या आडोशात बसतो.